पडद्यावरचा आपला माणूस



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या चार घरची धुणीभांडी करतात, पती माथाडी कामगार आहेत, मुलगा बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करतो आहे आणि मुलगी नववीत शिकते. त्यांची तक्रार अशी की, दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे आणि तीन मोबाईल. रात्री जेवणे झाली की तिघांची तोंडे तीन भिंतींकडे. कोण काय पाहतो हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा सर्वांनी मिळून पाहावे असे काही चांगले असेल तर या सदरातून नावे सांगावीत, असे त्यांनी कळविले आहे.

हा प्रश्न त्या एकाच घरचा नाही. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मालिका लागली की अख्खी चाळ एका घरच्या टीव्हीपुढे बसत असे. जे दिसे ते बरे असो वाईट असो, सगळ्यांना एकच दिसे, आणि मग नळावर, जिन्यात त्यावर बोलणे होई. एखादी भाकडकथा चालली असेल तर जाणती माणसे तिथल्या तिथे बोलून दाखवीत. पुढे २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आपल्या देशात आले, सप्टेंबरात जिओचे स्वस्त इंटरनेट आले आणि डिसेंबरात ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ आले. एका वर्षात चित्र पालटले. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचे थिएटर आहे; पण त्यात खेळ कोणता लावायचा हे आपण ठरवीत नाही. एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते. मुलाने एक मारधाडीचा चित्रपट पाहिला की त्याच्यापुढे आणखी दहा मारधाडीचेच मांडले जातात.

चित्रपट पाहूच नका, असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी जलसे पाहिले, कव्वालीचे सामने रात्र रात्रभर ऐकले, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही त्यातूनच बाबासाहेब कळले. करमणूक आणि प्रबोधन यांची आपल्याकडे कधी फारकत नव्हती. प्रश्न निवडीचा आहे.

निवडीसाठी आमची कसोटी एकच आहे. पडद्यावर जो आपला माणूस दिसतो, दलित असो, आदिवासी असो, भटका असो, तो स्वतः काही करतो की नुसता सोसतो? तो बोलतो की त्याच्या वतीने दुसरा कुणी बोलतो? ही कसोटी लावली की मोठमोठे चित्रपट वेगळे दिसू लागतात. १९३६ च्या 'अछूत कन्या'मधील कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते. १९५९ च्या 'सुजाता'मध्ये नूतनने काय सुंदर काम केले आहे, पण त्या मुलीला आपले माणूसपण सिद्ध करायला स्वतःचे रक्त द्यावे लागते. १९८१ साली सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. ओम पुरी यांचा दुखी लाकूड फोडता फोडता ब्राह्मणाच्या दारात मरून पडतो आणि त्याचे प्रेत दोरीने ओढून नेले जाते. ते दृश्य पाहून अंगावर काटा येतो. राय यांच्या कलेला आमचा नमस्कार आहे आणि मोठ्यांनी तो चित्रपट जरूर पाहावा. परंतु तिन्ही ठिकाणी आपला माणूस दयेला पात्र आहे, एवढेच कळते. आपल्या मुलांनी पडद्यावर स्वतःला पुन्हा पुन्हा असेच पाहिले तर त्यांच्या मनाची घडण कशी होईल?

म्हणून पहिले नाव सांगतो ते 'जय भीम'चे. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला हा तमिळ चित्रपट हिंदीतही आहे, त्यामुळे घरातील आजीलाही कळेल. दिग्दर्शक था. से. ज्ञानवेल. पहिलेच दृश्य पाहा. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना फाटकाशीच जात विचारली जाते. वरच्या जातीच्यांना घरी सोडतात आणि खालच्यांना बाजूला उभे करतात, कारण न उलगडलेल्या गुन्ह्यांवर चिकटवायला कुणीतरी लागतोच. पुढे राजाकन्नू नावाच्या इरुळर जमातीच्या तरुणावर दागिने चोरल्याचा खोटा आळ येतो, पोलीस कोठडीत मारहाण होते आणि तो नाहीसा होतो. पोलीस म्हणतात पळाला. त्याची गरोदर बायको सेंगेनी एका वकिलाकडे जाते आणि तो वकील हेबियस कॉर्पसचा अर्ज करतो. या अर्जाचा साधा अर्थ असा की, आमचा माणूस तुमच्या ताब्यात होता, तो आता न्यायालयापुढे आणून उभा करा.

ही कथा मनाने रचलेली नाही. १९९३ साली तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात घडलेल्या खऱ्या प्रकरणावर ती आधारलेली आहे. (मूळ घटनेतील कुटुंब कुरवर समाजाचे होते, चित्रपटात इरुळर दाखविले आहेत.) तो खटला लढविणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि २०१३ साली निवृत्त झाले. आंबेडकरांच्या विचारांच्या प्रकाशात आपण दिलेले निकाल, या विषयावर त्यांनी तमिळमध्ये पुस्तकच लिहिले आहे. चित्रपटाला हे नाव का दिले, याचे उत्तर तिथे सापडते.

आता आमची कसोटी लावून पाहा. कुणी म्हणेल, इथेही वाचविणारा वकीलच आहे, नायकाचे काम करणारा सूर्या हा मोठा नट आहे, मग फरक काय? फरक सेंगेनीत आहे. पोलीस अधिकारी तिला पैसे देऊ करतात, प्रकरण मिटव म्हणतात. पोटात मूल, घरात खायला नाही, घरही पडलेले. ती नाही म्हणते. ज्यांनी नवरा मारला त्यांच्या पैशावर वाढलो, हे मुलांना कसे सांगू, असे तिचे म्हणणे. तिथे तो नामांकित वकील तिच्या मागे चालणारा होतो. लिजोमोल जोस या अभिनेत्रीने हे काम असे केले आहे की ती नटी आहे याचाच विसर पडतो. आणि शेवटचे दृश्य तर घरातील लेकीबाळींना शेजारी बसवून दाखवावे असे आहे. सेंगेनीची छोटी मुलगी वकिलासमोर खुर्चीत बसते, त्याच्यासारखाच पायावर पाय टाकते आणि वर्तमानपत्र उघडते. क्षणभर ती बिचकते. तो मानेनेच सांगतो, बस तशीच, वाच. एक शब्दही बोलला जात नाही. मात्र कोठडीतील मारहाणीची दृश्ये फार कठोर आहेत. लहान मुलांना त्या वेळी झोपू द्यावे, शेवट दुसऱ्या दिवशी दाखवावा.

मराठीत यायचे तर नागराज मंजुळे यांचे नाव घ्यावे लागते. 'सैराट' आपण सर्वांनी पाहिला, त्याच्या गाण्यांवर मिरवणुकांत नाचूनही झाले. पण आमचे मत विचाराल तर त्यांचा 'फँड्री' हा अधिक मोलाचा आहे. कैकाडी समाजातील जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचे मन आहे, त्याला जीन्सची पँट हवी आहे. एवढेच. पण गावात डुकरे धरायचे काम त्याच्या घराकडे आहे, आणि ते शाळेतल्या पोरांसमोर करावे लागू नये म्हणून त्याची जी धडपड चालते ती ज्याने भोगली त्यालाच कळेल. डुक्कर अगदी हाताशी आले असता शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. हसावे की रडावे? पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून बापलेक नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र दिसते. संवाद नाही, भाषण नाही. किशोर कदम यांचा बाप कचरू पाहावा, कंबर वाकलेला, गावाला 'जी' म्हणणारा. तो वाईट नाही, थकलेला आहे. जब्या मात्र शेवटी दगड उचलतो, आणि तो दगड सरळ पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. सोमनाथ अवघडे या मुलाला या कामासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांना इतकेच विचारा की, तो दगड कुणाला मारला? आमच्या अभ्यासिकेत पंधरा-सोळा मुलांना हा प्रश्न विचारला तर गावातल्या टारगट पोरांना, अशी उत्तरे आली, आणि सातवीतल्या एका मुलीने सांगितले, आम्हाला. कारण आम्ही मघाशी हसलो होतो.

मंजुळे यांचाच 'झुंड' २०२२ साली आला. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकविणारे विजय बारसे यांच्या कार्यावरून घेतलेला, अमिताभ बच्चन त्यात प्रशिक्षक झाले आहेत. हिंदीतल्या एवढ्या मोठ्या नटाला जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहिलेले पाहून वस्तीतल्या लोकांनी शिट्ट्या वाजविल्या, ते स्वाभाविक होते. चित्रपट लांबला आहे, हे मान्य. पण रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी पासपोर्टसाठी ओळखीचा कागद मिळवायला बापासोबत दारोदार हिंडते तो भाग आम्हाला सर्वात खरा वाटला. आम्ही टेबलाच्या अलीकडे बसणारे कारकून. दाखल्यासाठी पलीकडे तिसऱ्यांदा येऊन उभा राहिलेला माणूस कसा दिसतो हे आम्ही रोज पाहतो, आणि तो पडद्यावर तसाच दिसला. हा चित्रपट सहकुटुंब पाहायला उत्तम.

पत्र पाठविणाऱ्या भगिनीच्या मुलासाठी, आणि भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या आपल्या तमाम मुलांसाठी, 'होमबाउंड' हे नाव लिहून ठेवावे. नीरज घायवान यांचा हा २०२५ चा चित्रपट, कान महोत्सवात दाखविला गेला, भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठविला गेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. उत्तरेकडील एका खेड्यातले दोन जिवलग मित्र, एक दलित, एक मुसलमान. दोघांनाही पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण त्या वर्दीत कुणी जात विचारणार नाही असे त्यांना वाटते. त्यातला चंदन अर्जावर राखीव प्रवर्ग लिहायला कचरतो. हक्क असून लपवितो. ही गोष्ट आपल्या घरांत घडत नाही असे कुणी छातीला हात लावून सांगावे! जातीचा दाखला पिशवीच्या तळाशी ठेवणारी, आडनाव विचारले की गाव सांगणारी मुले आपण पाहतोच ना? बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क मागताना मान खाली का जावी, यावर या चित्रपटानंतर घरात बोलणे व्हावे. पुढे दोघे सुरतच्या गिरणीत कामाला लागतात आणि २०२० ची टाळेबंदी येते. त्या दिवसांत पायी निघालेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत, म्हणून अधिक सांगत नाही.

'परियेरुम पेरुमाळ' (२०१८, दिग्दर्शक मारी सेल्वराज) हाही शिकणाऱ्या मुलांचाच. कायद्याच्या महाविद्यालयात आलेला खेड्यातला मुलगा, इंग्रजीतले व्याख्यान कळत नाही, वर्ग हसतो. काय व्हायचे आहे असे विचारल्यावर तो म्हणतो, डॉक्टर. कायदा शिकून डॉक्टर कसा होणार? तर तो डॉक्टर नव्हे, डॉक्टर आंबेडकर! तमिळ चित्रपट आहे. हिंदी आवाजातला मिळाला तर बरे, नाहीतर खालची अक्षरे कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोठ्याने वाचून घरच्यांना सांगावीत. त्याचेही इंग्रजी सुधारेल. शेवटी टेबलावर चहाचे दोन पेले दिसतात, एक दुधाचा आणि एक कोरा. तेवढे नीट पाहावे.

मुलींच्या बाजूने पाहिले तर अलीकडे काही चांगल्या गोष्टी घडल्या आहेत. 'कटहल' (नेटफ्लिक्स, २०२३) हा चक्क विनोदी चित्रपट आहे. एका आमदाराच्या झाडावरचे दोन फणस चोरीला जातात आणि सगळे पोलीस ठाणे फणसामागे लागते. गरीब माळ्याची मुलगी बेपत्ता आहे तिकडे बघायला कुणी नाही. तपास करणारी इन्स्पेक्टर महिमा बसोर ही दलित. ती रडत नाही, कुणी तिला सोडवायला येत नाही, ती डोके चालवते आणि फणसाच्या निमित्ताने मुलीचा शोध लावते. २०२३ सालच्या चित्रपटांत उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. आपल्याबद्दलच्या चित्रपटात पोट धरून हसताही येते, हे आम्हाला फार आवडले. 'दहाड' (प्राइम, २०२३) ही आठ भागांची मालिका मोठ्या माणसांसाठी. राजस्थानातली सब-इन्स्पेक्टर अंजली समोरून गेली की ठाण्यातला एक शिपाई मुकाट्याने उदबत्ती पेटवतो. एवढ्या एका कृतीत लेखकाने सारे सांगितले. बापाने लपविण्यासाठी बदललेले आडनाव ही मुलगी शेवटी परत घेते. सोनाक्षी सिन्हाकडून आमची एवढी अपेक्षा नव्हती.

आणि लग्नाचे काय? 'मेड इन हेवन' नावाची मालिका प्राइमवर आहे. ती श्रीमंतांच्या लग्नांची, त्यातले बरेच काही घरात सर्वांनी मिळून पाहण्यासारखे नाही. पण २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वातील पाचवा भाग तेवढा वेगळा काढून पाहावा. तोही नीरज घायवान यांनीच दिग्दर्शित केला आहे. राधिका आपटेने केलेली पल्लवी मेनके ही परदेशात शिकलेली प्राध्यापिका. सासरकडचे लोक चांगले आहेत, प्रेमळ आहेत, त्यांची एकच विनंती की लग्नात तो विषय नको. ती म्हणते, तुमचे फेरेही होऊ द्या आणि माझ्या पद्धतीनेही लग्न होऊ द्या. शेवटी पांढरी साडी नेसलेली वधू, समोर तथागत आणि बाबासाहेबांची प्रतिमा. आपण दर लग्नसराईत जे पाहतो तेच, मंगल परिणय. पण एवढ्या मोठ्या पडद्याच्या धंद्यात ते इतक्या सन्मानाने दाखविलेले क्वचितच कुणी पाहिले असेल. (या भागात आपल्या आयुष्यातील गोष्ट श्रेय न देता वापरली, अशी तक्रार लेखिका याशिका दत्त यांनी केली होती आणि निर्मात्यांनी ती नाकारली. आपल्या गोष्टी सांगितल्या जाताहेत, पण त्यावर नाव कुणाचे, हा वाद पुढेही होत राहणार आहे.) ज्या घरात मुलीचे आंतरजातीय लग्न ठरत असेल त्यांनी हा भाग मुलीसोबत पाहावा. सासरचे लोक शिव्या देत नाहीत, हसून 'कशाला तो विषय' म्हणतात, तेव्हा काय बोलायचे याची थोडी तयारी होईल.

घायवान यांचीच 'गीली पुच्ची' ही लघुकथा नेटफ्लिक्सच्या 'अजीब दास्तान्स'मध्ये आहे (२०२१). कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या भारती मंडलचा शिक्षणाने हक्क असलेली टेबलावरची नोकरी दुसरीला मिळते. नाते नाजूक आहे, फक्त प्रौढांनी पाहावी. ज्या भगिनी कारखान्यात, कचेरीत काम करतात त्यांना वेगळ्या ठेवलेल्या पेल्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

'कोर्ट' हा चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. त्याला देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे झाले आहेत ते वीरा साथीदार, नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. तुमचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा शाहिरावर आरोप आहे. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, तारखांवर तारखा पडतात. ज्यांना झटपट काही घडायला हवे ते कंटाळतील. पण कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते आणि सांगते की तो आधी खडा टाकायचा, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजून उतरायचा. तिथे कंटाळा कुठल्या कुठे जातो. याच्या जोडीला आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जणांचे प्राण गेले आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. तिथपासून पुढे चौदा वर्षे पटवर्धन चित्रीकरण करीत होते. तीन तासांचा आहे, दोन रात्रींत पाहावा. आजच्या विशीतल्या मुलांना रमाबाई नगर म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांना दाखवा.

आता फुकटात मिळणारी आणि आमच्या मते सर्वात मौल्यवान गोष्ट. श्याम बेनेगल यांनी २०१४ साली राज्यसभा टीव्हीसाठी 'संविधान' ही दहा भागांची हिंदी मालिका केली. ती यूट्यूबवर आहे, एक पैसा लागत नाही. बाबासाहेबांच्या भूमिकेत सचिन खेडेकर आहेत. ९ डिसेंबर १९४६ पासून संविधान सभेत जे झाले त्याचे हे नाट्यरूप. गाणी नाहीत, ढोलताशे नाहीत, माणसे उभी राहतात आणि बोलतात. ऐकताना कळते की जे आज आपण गृहीत धरतो त्यातले प्रत्येक कलम भांडून, समजावून, मते मोजून मिळवावे लागले. भिंतीवरच्या तसबिरीत बाबासाहेब गप्प असतात. इथे ते उत्तरे देतात, चिडतात, विरोधकाचे नीट ऐकून घेतात. दहा भाग म्हणजे दहा रविवार. विहारात वंदना झाल्यावर तिथल्याच टीव्हीला मोबाईल जोडून एकेक भाग लावला तर २६ नोव्हेंबरच्या आधी मालिका पूर्ण होईल असा हिशेब आमच्या मंडळाने केला होता, आणि तो जमला. पहिल्या रविवारी अकरा माणसे होती, शेवटच्या रविवारी चप्पल ठेवायला जागा नव्हती. स्टार प्रवाहवर २०१९ साली लागलेली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका ज्येष्ठांना अधिक आवडते, सागर देशमुख यांनी काम मनापासून केले आहे. त्यात मालिकेचा मसाला आहे, पार्श्वसंगीत जरा जास्त वाजते. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चरित्र म्हणून ती उपयोगाची आहे.

न आवडलेलेही सांगितले पाहिजे. 'आर्टिकल १५' (२०१९) तळमळीने केला आहे, पण मुलींना न्याय मिळवून देतो तो शहरातून आलेला ब्राह्मण अधिकारी. आपली माणसे चिखलात, जंगलात, फासावर. विचार करायचे काम त्याचे. 'सीरियस मेन' (नेटफ्लिक्स, २०२०) मध्ये नवाजुद्दीनचा अभिनय उत्तम आहे, पण मुंबईच्या खोलीत राहणारा दलित बाप मुलाच्या कानात यंत्र बसवून त्याला खोटाच हुशार म्हणून मिरवतो, ही कथा पाहून आम्हाला प्रश्न पडला. आपल्या वस्त्यांतून रॉकेलच्या दिव्यावर शिकून खरोखर हुशार निघालेली हजारो मुले असताना पडद्याला नेमका हाच मुलगा का सापडावा? 'पंचायत' आम्हालाही आवडते, सचिवजींची कारकुनी पाहून आमची हसून पुरेवाट होते. तरी उत्तर प्रदेशातल्या एका गावाचा कारभार इतके भाग दाखवायचा आणि जातीचे नावही जवळपास काढायचे नाही, याला कसब लागते!

थोडे व्यवहाराचे. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार या कंपन्यांना प्रत्येक कार्यक्रमावर वयाचा शिक्का द्यावा लागतो: सर्वांसाठी, सात वर्षांपुढे, तेरापुढे, सोळापुढे आणि फक्त प्रौढांसाठी. तेरापुढील कार्यक्रमांना कुलूप घालायची सोयही त्यांना द्यावी लागते. हे कुलूप त्या त्या ॲपच्या किंवा खात्याच्या सेटिंगमध्ये असते, पोरांना ते आपल्याआधी सापडते, तेव्हा पासवर्ड जन्मतारखेचा ठेवू नये.

वर्गणीचे पाहू. सगळ्या कंपन्यांची वर्गणी एकदम भरायची काही गरज नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने फक्त मोबाईलवर पाहायची योजना १९९ वरून १४९ रुपयांवर आणली आणि त्याच महिन्यात ॲमेझॉनने वर्षाचे ९९९ चे १४९९ केले. दर बदलत असतात, भरण्याआधी पाहून घ्यावेत. आम्ही बी. कॉम. झालेले, तेव्हा आमचा सल्ला असा: एका महिन्यात एकच कंपनी. एक महिना नेटफ्लिक्स घ्या. 'होमबाउंड', 'कटहल' पाहून मोकळे व्हा. पुढच्या महिन्यात प्राइम घ्या. 'जय भीम', 'दहाड' आणि तो लग्नाचा भाग पाहा. तिसऱ्या महिन्यात काहीच नको, यूट्यूबवर 'संविधान'. 'फँड्री', 'झुंड', 'कोर्ट' यांसारखे चित्रपट करार संपला की या कंपनीकडून त्या कंपनीकडे जातात, म्हणून आधी नाव घालून शोधावे आणि मगच पैसे भरावेत. आणि पैसे भरताना यूपीआयमध्ये ऑटो-पे चालू होते, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही; महिना भरायच्या दोन दिवस आधी ते आठवणीने बंद करावे, नाहीतर पगाराच्या दिवशी पहिली कपात तिचीच होते.